९४ टक्के मिळवून आर्ट्सला?

मॅडम, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मुलीला दहावीला ९४ टक्के पडले. सेमी इंग्लिशला होती. लातूरला ठेवायची आणि नीटचा क्लास लावायचा, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिच्या बाबांनी क्लासची, होस्टेलची चौकशीही केली. आता ती म्हणते, मला इतिहास शिकायचाय, आर्ट्सला जाणार. मागच्या सुट्टीत तिने मोडी लिपीचा वर्ग केला आणि सासऱ्यांच्या ट्रंकेतला एक जुना कागद आठ दिवस बसून लावला. तेव्हापासून तिचं हेच चाललंय. तिचे बाबा म्हणतात, सायन्स घे, सगळ्या वाटा उघड्या राहतात, नंतर काय करायचं ते कर. पुण्याचे दीर म्हणतात, एवढे मार्क पाडून आर्ट्सला गेली तर लोक काय म्हणतील. माझी भीती वेगळी आहे. मी स्वतः आर्ट्सची. एसवायला असताना लग्न झालं, बीए राहिलं ते राहिलंच. हिचंही तसंच झालं तर? पण रडत रडत सायन्सला गेली तर तेही बघवणार नाही. काय करू?
– अ., ता. बार्शी

ताई,

तुमच्या यजमानांचं म्हणणं आधी घेते, कारण त्यात बरंचसं खरं आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी नसेल तर नीट देता येत नाही. म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस सगळं बंद. फिजिक्स आणि गणित नसेल तर इंजिनीअरिंग नाही, आर्किटेक्चर नाही. फार्मसी, बीएस्सी ॲग्री, बीएस्सी नर्सिंग यांनाही विज्ञानच लागतं. उलट बाजूने मात्र कुणी अडवत नाही. बारावी सायन्स केलेली मुलगी बीएला जाऊ शकते, वकिलीला जाऊ शकते, पुढे इतिहासात एमए करू शकते. मोठ्या माणसांची चरित्रं बघितली तरी हेच दिसतं. चिंतामणराव देशमुखांनी मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले, मग आयसीएस झाले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक. जुन्या नाण्यांची वजनं संख्याशास्त्राने तपासता तपासता ते प्राचीन भारताच्या इतिहासात शिरले आणि तिथे त्यांनी पुढच्या कित्येक अभ्यासकांना वाट घालून दिली. विज्ञानाकडून इकडे आलेली अशी माणसं पुष्कळ आहेत. इकडून तिकडे गेलेली शोधावी लागतात.

तेव्हा वाटा उघड्या राहतात हे कागदावर अगदी बरोबर. पण त्या उघड्या ठेवण्याची किंमत किती, हे तुमच्या घरात कुणी विचारलेलं दिसत नाही. लातूरचं वेळापत्रक एकदा डोळ्यांसमोर आणा. नाव कॉलेजात, दिवस क्लासमध्ये. सकाळी क्लास, संध्याकाळी अभ्यासिका, ठरल्या दिवशी टेस्ट, आणि टेस्ट झाली की यादीत आपण कितवे ते बघायचं. क्लास, होस्टेल आणि मेस धरून वर्षाचा खर्च लाखाच्या वर सहज जातो. शेवटी परीक्षा १८० प्रश्नांची, १८० मिनिटांची. २०२५ साली ती २२ लाखांहून जास्त मुलांनी दिली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचंच आहे तिने हे सगळं जरूर करावं. तिच्यासाठी त्या खस्तांना अर्थ आहे. जिला ते नकोच आहे, तिला केवळ दार बंद होऊ नये म्हणून दोन वर्षं तिथे उभं करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

अशा मुली माझ्याकडे येतात, म्हणून सांगते. बारावीला जेमतेम साठ टक्के, नीटमध्ये काही नाही, घरच्यांनी रिपीट करायला लावलेलं एक वर्ष, आणि मग शेवटी बीएला प्रवेश. विषय जो पहिल्यापासून हवा होता तोच. फरक एवढाच पडलेला असतो की दहावीला ९४ टक्के पाडणारी मुलगी आता स्वतःला ढ समजायला लागलेली असते. वर्ग तोच, पुस्तक तेच, पण हात वर करून प्रश्न विचारायची हिंमत राहिलेली नसते. ती परत यायला फार वेळ लागतो, आणि काही जणींची येतच नाही.

मात्र एक गोष्ट तुम्ही स्वतः तपासून बघा. मुलगी इतिहासाकडे चाललीय की फिजिक्सपासून पळतेय? दहावीनंतर पुष्कळ मुलं पळत असतात आणि त्याला आवड म्हणतात. याची परीक्षा सोपी आहे आणि फुकट आहे. बालभारतीची अकरावीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. इतिहासाचं, राज्यशास्त्राचं, अर्थशास्त्राचं, मानसशास्त्राचं आणि सोबत फिजिक्स-बायोलॉजीचंही पुस्तक उतरवून घ्या. प्रत्येकातला एकेक धडा तिला वाचू द्या आणि संध्याकाळी तुम्हाला सांगू द्या. तुम्ही भाकरी करत असाल तर तिथेच बसून सांगू दे. कोणतं पुस्तक तिने एका धड्यावर मिटलं आणि कोणतं पुढे वाचत राहिली, हे तुम्हाला दिसेलच. इतिहासही आवडला आणि बायोलॉजीही, असं निघालं, तर मी म्हणेन की सायन्स घ्या. पण बार्शीतच साधं सायन्स, लातूरचा क्लास नाही. इतिहास दोन वर्षं थांबू शकतो.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले, आणि त्यामुळे मला वाटतं की निकाल काय लागणार ते ठरल्यातच जमा आहे. तिने आठ दिवस बसून एक मोडी कागद लावला. ज्यांनी मोडी कधी हातात धरली नाही त्यांना यातलं काम समजत नाही, म्हणून तिच्या बाबांसाठी जरा सविस्तर लिहिते. मोडी लिहिणारा आधी ओळभर आडवी रेघ मारून घेतो आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातो. दोन शब्दांत जागा नाही. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. शब्द कुठे तुटतो ते अर्थावरून ठरवायचं, आणि शब्द तुटल्याशिवाय अर्थ तर लागत नाही. पेशवाईतला कागद असेल तर सन बहुतेक शुहूर या जुन्या कालगणनेतला असतो, आणि तोही आकड्यांत नाही, अरबी संख्यानामांत लिहिलेला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. ५९९ की ६००, हे महिना बघून ठरवायचं. म्हणजे त्या आठ दिवसांत तुमच्या मुलीने एक अंदाज बांधला, पुढच्या ओळीवर तो घासून बघितला, जुळेना म्हणून टाकला, दुसरा बांधला. हा कागद कुणी लिहिला, कुणाला लिहिला, कशासाठी लिहिला आणि म्हणून त्यातल्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा, इथपर्यंत ती पोचली असेल तर ती इतिहास शिकायला लागलीच आहे. शास्त्रीय दृष्टी म्हणतात ती हीच. प्रयोगशाळेत बसलं की येते आणि आर्ट्सच्या वर्गात बसलं की जाते, असं काही नसतं. या विद्येची गरजही अचानक पडते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणारी माणसं शोधायची वेळ प्रशासनावर आली. मोडीवर तिचं घर चालेल असं मला म्हणायचं नाही. तिच्या डोक्याला कोणतं काम मानवतं, ते मला यातून कळलं.

आता दुसरी बाजू, आणि ती तुम्हाला गोड लागणार नाही. आपल्याकडे कला शाखेची हेळसांड झालेली आहे. २०२५ च्या बारावीच्या निकालात विज्ञान शाखेची ९७ टक्क्यांहून जास्त मुलं पास झाली आणि कला शाखेची ८० टक्क्यांच्या आसपास. इतिहास फिजिक्सपेक्षा अवघड आहे म्हणून असं झालेलं नाही. कुठेच प्रवेश मिळाला नाही तो आर्ट्सला, अशी आपण वर्षानुवर्षं वाटणी केली, आणि मग त्या वर्गात शिकवलं नाही तरी कुणी विचारायला गेलं नाही. कित्येक ठिकाणी दिवाळीनंतर तास होत नाहीत. गाईड आणायचं, अपेक्षित प्रश्नसंच पाठ करायचा, लिहून यायचं. दोन वर्षांत एकही निबंध स्वतःच्या वाक्यांत न लिहिता मुलं बारावी होतात.

म्हणून कॉलेज कोणतं, याला सायन्सपेक्षा आर्ट्समध्ये जास्त महत्त्व आहे. सायन्सला कॉलेज वाईट असलं तर क्लास ते भरून काढतो. आर्ट्सचं कुणी भरून काढत नाही. प्रवेशाआधी कामकाजाच्या एखाद्या साध्या दिवशी तुम्ही आणि मुलगी कॉलेजात जाऊन या. अकरावी-बारावी आर्ट्सच्या वर्गात मुलं बसलीत का बघा. ग्रंथालयात जाऊन विचारा की अकरावीच्या मुलांना पुस्तकं घरी देता का. शिपाई आणि ग्रंथपाल प्राचार्यांपेक्षा खरं सांगतात. बार्शीत मनासारखं मिळालं नाही तर सोलापूर बघा, पुणे बघा. लातूरच्या क्लासला जो पैसा घालणार होतात त्याच्या निम्म्यातही पुण्यात मुलींच्या वसतिगृहात राहून चांगल्या कॉलेजात आर्ट्स होऊ शकतं. हा हिशेब यजमानांसमोर मांडा. मुलीवर खर्च करायची त्यांची तयारी आहे, ही तुमच्या घरातली फार चांगली गोष्ट आहे. तो खर्च कुठे करायचा एवढंच बदलायचं आहे.

आणि माझा एक आग्रह आहे: तिने गणित सोडू नये. कला शाखेतही गणित घेता येतं हे बहुतेक पालकांच्या गावी नसतं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकावर ‘कला व विज्ञान’ असं छापलेलं आहे, दोन्ही शाखांना एकच पुस्तक. अडचण एवढीच की पुष्कळ कॉलेजांत कला शाखेला तो विषय माहितीपुस्तकात असतो, वर्गात नसतो. फोन करून सरळ विचारा, गणिताची तुकडी यंदा चालणार आहे का. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि गणित असे विषय तिला मिळाले तर तुमच्या यजमानांची निम्मी काळजी मिटेल. दिल्ली विद्यापीठात बीए अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं तर प्रवेश परीक्षेत गणित द्यावं लागतं. अर्थशास्त्रात एमए केलं की केंद्राच्या भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देता येते, आणि त्या अभ्यासक्रमात गणित-संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या मुलांना खुला आहे. तिथे दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं, ते तिच्याकडे आहेच. म्हणजे गणिताचा हात धरला तर ती मघाची एकेरी वाट पुष्कळच रुंद होते. सेमी इंग्लिशला ९४ टक्के पाडणाऱ्या मुलीला गणिताचा बाऊ वाटायचं कारण नाही.

इंग्रजीचंही तसंच. सायन्सला पुस्तकं इंग्रजीत असल्यामुळे मुलं रडतखडत का होईना इंग्रजी वाचायला लागतात. आर्ट्सला सगळं मराठीत मिळतं, परीक्षा मराठीत देता येते, आणि पाच वर्षांनी एमएला गेल्यावर कळतं की निम्मी पुस्तकं आपल्याला वाचताच येत नाहीत. तिने मराठीतूनच लिहावं, विचार मराठीतूनच करावा. पण रोज दोन पानं इंग्रजी वाचायची सवय अकरावीपासूनच लावून घ्यावी.

पुढे काय, हे दीर विचारतीलच. तर नुसत्या बीएवर काही नाही, हे त्यांना तुम्हीच आधी सांगून टाका. नुसत्या बीएस्सीवरही फारसं काही नाही, हेही सांगा. बारावीनंतर पाच वर्षांच्या वकिलीला कोणत्याही शाखेतून जाता येतं; राज्याची सीईटी आहे, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आहे. अशी विद्यापीठं आपल्याच राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. कागद वाचायची जी खोड तिला लागलीय ती वकिलीत सोन्यासारखी कामाला येईल. पुरातत्त्वाकडे जायचं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, एमएला कोणत्याही शाखेचे पदवीधर घेतात. हरियाणातल्या राखीगढीला उत्खनन करून सापडलेल्या सांगाड्यातून मिळालेल्या प्राचीन डीएनएवर २०१९ साली जो शोधनिबंध आला, त्यामागे डेक्कन कॉलेजचीच माणसं होती. तिथे इतिहास आणि जनुकशास्त्र एकाच टेबलावर बसतं. जागा थोड्या आहेत, वाट लांब आहे, हे तिला आजच माहीत असू दे. एमएनंतरच्या नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधन करताना महिना ३७ हजार रुपये मिळतात, आणि ते इतिहासाला वेगळे, रसायनाला वेगळे असे नसतात. प्राध्यापकीचं मात्र मी आश्वासन देणार नाही. राज्यात कायम जागा वर्षानुवर्षं अडून राहतात आणि पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर राबतात. हे विज्ञानातही आहे, कला शाखेत जास्त जाचतं.

आणि कृपा करून “आर्ट्सला जाऊ दे, एमपीएससी-यूपीएससी करेल” या बोलीवर तिला परवानगी देऊ नका. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून वर्षाला साधारण हजारभर जणांची निवड होते आणि अर्ज लाखांनी येतात. तिथे बसायला कोणतीही पदवी चालते, इंजिनीअरही इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन बसतात. तिला पुढे द्यावीशी वाटली तर देईल. पण सोळा वर्षांच्या मुलीला आवडीचा विषय देताना त्यावर कलेक्टर होण्याचं कर्ज चढवू नका.

आता तुमच्या भीतीकडे येते. तुमचं पत्र खरं तर त्यासाठीच आहे असं मला वाटलं. तुमचं बीए राहिलं ते तुम्ही आर्ट्सला होतात म्हणून नाही. मुलगी शिकतेय म्हणजे स्थळ येईपर्यंत बसलीय, असं घरच्यांनी मानलं होतं, आणि ती कुठपर्यंत शिकणार आहे हे कुणी बोललंच नव्हतं. सायन्सच्या मुलींना यातून थोडं संरक्षण मिळतं, हे मला मान्य आहे. क्लासला पैसे भरलेले असतात, डॉक्टर-इंजिनीअर होणार असं गावभर सांगितलेलं असतं, त्यामुळे मधेच लग्नाचं काढायला माणसं कचरतात. आर्ट्सच्या मुलीला ही ढाल नसते. ती तुम्हाला बनवून द्यावी लागेल. म्हणून शाखेवर हो-नाही करण्याआधी घरात हे ठरवून घ्या, शक्यतो तिच्या बाबांच्या तोंडून, दीर समोर असताना: पदव्युत्तर शिक्षण किंवा वकिली पूर्ण होईपर्यंत लग्नाचा विषय निघणार नाही. बारावीत कोणती प्रवेश परीक्षा, त्यानंतर कोणतं शहर, किती वर्षं, खर्च कुठून, हे सगळं एका वहीत लिहून काढा. फीचा प्रश्न आला तर ध्यानात असू द्या की ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली आहे. सरकारी कॅप फेरीतून प्रवेश घ्यावा लागतो. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आत्ताच काढायला टाका.

आणि जमलं तर तुमचं राहिलेलं बीएही त्याच वहीत लिहा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात घरी बसून बीए करता येतं. वय आडवं येत नाही.

अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना एक सांभाळा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव राहत नाही. तेव्हा कॉलेज डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि गणिताची तुकडी चालते हे फोनवर विचारल्याशिवाय पहिला पर्याय भरू नका, आणि दिरांच्या समाधानासाठी तिथे लातूरचं सायन्स तर मुळीच टाकू नका.